शेवटची तीस पानं

लोकांना वाटतं, लायब्ररीत पुस्तकं साठतात. चूक! पुस्तकं जातात, हरवतात, कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसतात. साठतात ते किस्से. बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. परत आलेल्या पुस्तकांत जे जे सापडतं ते आम्ही त्यात टाकतो. लग्नपत्रिका, केसांच्या पिना, औषधाच्या चिठ्ठ्या, एकदा एक अख्खा ईसीजी, आणि एकदा भाजलेल्या पापडाचा तुकडा! तो डबा दर दोन-तीन वर्षांनी रिकामा करता येतो. किस्स्यांचं तसं नाही. म्हणून आज थोडे तुमच्यासमोर ओतते. सगळेच हसण्यासारखे नाहीत, आधीच सांगून ठेवते.

लायब्ररी म्हणजे काय, तर सोसायटीच्या कॉमन प्लॉटवरची एक खोली, सहा रॅक आणि दोन लोखंडी कपाटं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात. चालवणारे आम्ही दोघं. मी, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली. आणि दिघे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, निजामपुऱ्याहून स्कूटर दामटत येणारे.

* * *

दिघ्यांनी सगळा जन्म आलेल्या पार्सलांवर शेरे मारण्यात घालवला. ‘खोका फुटका’, ‘दोरी सैल’, ‘आतून गळते’. ती खोड काही गेली नाही. आमच्या रजिस्टरात त्यांनी एक जादा रकाना आखला आहे. ‘स्थिती’. पुस्तक परत आलं की ते उलटंसुलटं करून पाहायचं आणि शेरा लिहायचा. ‘कोपरा दुमडला.’ ‘पान ४१ वर चहा.’ एका बिचाऱ्या कवितासंग्रहापुढे नुसतंच, ‘वास येतो.’

एकदा दुकानातून नवंकोरं पुस्तक आलं. वरचं प्लास्टिक मी माझ्या हाताने काढलं. दिघ्यांनी ते पाच मिनिटं न्याहाळलं आणि लिहिलं, ‘दिसायला बरे.’

मी म्हटलं, “अहो दिघे, एकदा ‘उत्तम’ लिहायला काय जातं तुमचं?”

“बाई, उत्तम लिहिलं की पुढच्या मोडतोडीला आपण जबाबदार! अख्ख्या नोकरीत मी एकाही पार्सलवर ‘उत्तम’ लिहिलेलं नाही. आता काय म्हातारपणी लिहू?”

* * *

बडोद्यात कुणी गेलं की बेसणुं असतं. मूळची गुजरात्यांची पद्धत, पण आता आम्ही मराठी लोकसुद्धा करतो. पांढरे कपडे घालायचे, फोटोसमोर तासभर बसायचं, हात जोडायचे, निघायचं. आमचे सभासद बहुतेक सत्तरीपुढचे. त्यामुळे आम्हाला बेसण्यांचा तोटा नाही.

दिघे प्रत्येक बेसण्याला जातात आणि बरोबर कापडी पिशवी नेतात. माणूस गेला तरी पुस्तक त्या घरात असतंच! तास झाला की हळूच कर्त्या मुलाच्या कानाशी लागतात, “वाईट झालं. ते एक लायब्ररीचं होतं, बघता का जरा?”

गोखले आजोबांच्या बेसण्याला मात्र पंचाईत झाली. पुस्तक समोरच दिसत होतं. हार घातलेल्या फोटोला मागून टेकू म्हणून घरच्यांनी आमचीच जाडजूड कादंबरी लावली होती! दिघे तासभर हात जोडून बसले. लोकांना वाटलं, केवढा जिव्हाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेवढ्याच जाडीचं रेल्वेचं जुनं टाइमटेबल घेऊन गेले, फोटोला ते टेकवलं आणि कादंबरी सोडवून आणली. स्थिती, ‘मागे फुलांचा डाग.’

* * *

एक कुटुंब कॅनडाला गेलं आणि जाताना आमच्या दारात दोन खोकी ठेवून गेलं. सगळ्या इंग्रजी कादंबऱ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या गोष्टी, त्याच वयाच्या पोरांनी वाचायच्या. यंग अडल्ट म्हणतात. त्या कुठे लावायच्या हे दिघ्यांना कळेना. शेवटी त्यांनी कसोटी काढली. नायिकेचं लग्न झालेलं आहे का? नाही? मग बालविभाग!

दोन वर्षं ती पुस्तकं पऱ्यांच्या गोष्टींशेजारी धूळ खात पडली. मग एका जूनमध्ये केतकी शिर्के आली. दहावीला नुकतीच गेलेली, इंग्लिश मीडियमची, मराठीत गुजराती मिसळून बोलणारी. शिर्क्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते म्हणतात. पोरीचं चालणं अजून तसंच, खोलीत शिरली की रॅक हलायचे.

“मावशी! ही बधी बुक्स इथे पडून आहेत ने कोणी वाचतच नाही?”

दोन दिवसांत एक पुस्तक. कधी एका दिवसात. आणि ती नुसती वाचायची नाही, सांगायचीसुद्धा. कपाटाला टेकून, हातवारे करून, पुस्तकातली माणसं जणू आमच्याच सोसायटीत बी विंगला राहतात अशा थाटात. दिघे चष्म्यावरून बघत म्हणायचे, “हळू. लायब्ररी आहे ही, नाका नाही.”

एका गोष्टीत बर्फात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला एक मुलगी एकटीच निघते. केतकीने ती मंगळवारी अर्धी सांगितली. गुरुवारी ती आलीच नाही. सव्वासात झाले तरी दिघे रजिस्टर मिटेनात. शेवटी स्कूटरची किल्ली हातात घेऊन म्हणाले, “बाई, ते बर्फातलं पोरगं सापडलं का, काही कळलं का तुम्हाला?”

* * *

ऑगस्टमध्ये केतकीचं एक पुस्तक विचित्र अवस्थेत परत आलं. शेवटची तीस पानं आणि मागचा पुठ्ठा यांना मिळून बारीक तार गुंडाळलेली, तारेला पीळ, आणि पिळाला लाल पुठ्ठ्याचा टॅग. वर छापलेलं, ‘उघडू नये’. खाली पेनाने भरलेलं. नाव, आर. शिर्के. तारीख. कारण, दहावी बोर्ड.

दिघ्यांचा पारा चढला. “लायब्ररीच्या पुस्तकाला तारा? बोलवा बापाला!”

शनिवारी बाप केतकीला घेऊन आला. सावली गावाकडच्या एका केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला असलेला, शांत, खांदे पडलेला माणूस. म्हणाला, “सॉरी हं. प्लांटची सवय. एखादा व्हॉल्व्ह बंद करून काम करायचं असलं की आम्ही त्यावर आपापला टॅग लावतो. दोघं काम करत असतील तर दोन टॅग. ज्याने लावला त्यानेच काढायचा.”

दिघ्यांना दुसऱ्याच्या खात्याचे नियम फार आवडतात. त्यांचा राग निम्मा उतरला. “आणि तो माणूस विसरून घरी गेला तर?”

“घरून बोलावून आणतात, काका. लग्नात असला तरी. दुसऱ्याने त्याच्या टॅगला हात लावायचा नाही. आत माणूस असू शकतो ने.”

मग त्याने मुलीला स्कूटीकडे पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्याची बायको वैशाली आजारी होती, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. किती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. “डॉक्टर म्हणाले, दिवाळी काढतील, होळीचं सांगता येत नाही. केतकीला अल्सर सांगितलाय. बोर्ड होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. आणि ह्या पुस्तकांत शेवटी कोणी ना कोणी जातंच, मॅडम! मी फोनवर ट्रान्सलेट करून करून शेवट वाचतो. पाचातल्या चारांत जातात.”

मी म्हटलं, “मग आम्ही देत नाही तिला. काहीतरी कारण सांगू.”

“नको नको! दिवसभरात ती तेवढंच हसते. वाचू दे. फक्त शेवट बोर्डानंतर. मी तिला सांगितलंय, परीक्षा झाली की सगळे शेवट एकदम वाच.”

तो गेल्यावर दिघ्यांनी पुस्तक उघडून तार नीट तपासली, पानाला ओरखडा पडतो का ते पाहिलं, आणि रजिस्टरात लिहिलं, ‘सीलबंद. चालेल.’

* * *

दिवाळीनंतरची गोष्ट. दिघे बाहेर स्कूटर पुसत होते. मी दुसऱ्या कपाटामागे झाडू आणायला गेले, तर तिथे केतकी उभी. हातात नवीन पुस्तक, अजून नोंदसुद्धा झालेली नाही, आणि बाई शेवटचं पान वाचतायत!

“अगं!”

ती दचकली, पण पुस्तक मिटलं नाही. “मावशी, पप्पांना सांगू नका हं. मी शेवट इथेच वाचून जाते. मग घरी ते सील करतात, करू दे.”

“कधीपासून चाललंय हे?”

“पहिल्या टॅगपासून.”

मी जरा आवाज चढवला. “बापाला फसवतेस?”

“आणि पप्पा मला फसवतात, ते चालतं?” ती म्हणाली. मग आवाज खाली आला. “मावशी, लिफ्टमध्ये सगळ्या आंटी माझ्याशी एकदम गोड बोलायला लागल्या. अल्सरवाल्या आईच्या मुलीशी कोणी एवढं गोड बोलतं का?”

त्याच आठवड्यात मीसुद्धा जिन्यात थांबवून तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला होता. वर डोक्यावरून हातही फिरवला होता. मला स्वतःला शहाणी म्हणवून घ्यायची लाज वाटली.

“मग सांगून टाक ना त्यांना, की तुला माहीत आहे.”

“नको. पप्पांना लपवायचं एक काम आहे ने, म्हणून ते सकाळी उठतात. ते पण गेलं तर?”

मी झाडू परत भिंतीला टेकवला.

“आणि शेवट कशाला वाचतेस तरी? रडायला?”

“नाही हो. बघते, ती मुलगी नंतर काय करते. दुसऱ्या दिवशी अंघोळ करते का, शाळेत कधी जाते, मैत्रिणींना काय सांगते. ह्या बुक्समध्ये ते लिहिलेलं असतं, मावशी. दुसरीकडे कुठे कोण सांगतं?”

तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी नोंद केली.

* * *

डिसेंबरमध्ये एक तक्रार आली. कॉलेजातली एक मुलगी, दिघ्यांच्याच गल्लीतली, तणतणत आली. “अंकल, ह्या बुकमध्ये काय गडबड आहे? आत एक चिठ्ठी चिकटवलीय!”

बर्फातल्या भावाचं पुस्तक होतं ते; तिने मागितलं म्हणून शिर्क्यांनी येऊन आपला टॅग काढून दिला होता. शेवटच्या तीस पानांच्या आधी वहीचा कागद चिकटवलेला, केतकीच्या अक्षरात. ‘मग ती भावाला शोधून घरी आणते. आईने भात टाकलेलाच असतो. सगळे हात धुतात आणि पानावर बसतात.’

मी कपाट उघडून बाकीची पुस्तकं काढली. सातात चिठ्ठ्या होत्या. समुद्र असो, वाळवंट असो, चोरांची टोळी असो, शेवटी सगळे घरी येतात, हात धुतात आणि जेवतात. एकात तर राजकन्येने कढी केली होती!

केतकीला नंतर विचारलं तर म्हणाली, “आईचे शेवट आहेत ते. मी तिला रोज मराठीत गोष्ट सांगते. सील आलं की थांबते. मग ती म्हणते, ‘थांब, पुढचं मी सांगते.’ इतकं मस्त सांगते ने, म्हणून लिहून ठेवते.”

पण त्या दिवशी कॉलेजातल्या मुलीला हे कोण सांगणार? ती आपली भांडतच होती. “अंकल, चिठ्ठीत भाऊ घरी येतो. आणि पुढे छापलंय, तो बर्फातच मेला! यातलं खरं कुठलं?”

दिघ्यांचा हात रजिस्टरावरच थांबला. ते पोरगं मेलं, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. केतकीने सांगितलं तसं, इतके महिने ते त्याला घरी पोचलेलं समजून चालले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“दोन्ही आहेत,” ते म्हणाले. “तुला हवं ते वाच. आमच्याकडे दोन्ही एकाच कार्डावर मिळतात!”

मुलगी पाय आपटत गेली. दिघ्यांनी स्थितीच्या रकान्यात लिहिलं, ‘चिठ्ठी १. काढू नये.’

* * *

वैशाली फेब्रुवारीत गेली. बोर्डाला तीन आठवडे उरले होते.

बेसणुं गुरुवारी होतं, त्यांच्याच फ्लॅटमध्ये, पाच ते सहा. म्हणजे लायब्ररीचीच वेळ. आम्ही दाराला कुलूप लावलं. दिघ्यांच्या हातात पिशवी दिसली आणि मी भडकले. “आज तरी ती पिशवी घरी ठेवायचीत!” ते म्हणाले, “सवयीने आली, बाई.” आणि तिची घडी करून त्यांनी ती खिशात कोंबली.

तासभर आम्ही सतरंजीवर बसून होतो. फोटोतली वैशाली लग्नाच्या वेळची असावी, गुबगुबीत, हसरी. शिर्के फोटोच्या बाजूला बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. हळूहळू लोक उठले. आम्ही उठणार, तेवढ्यात केतकी आतून आली. हातात पुस्तक.

“काका, ह्याची मुदत आज संपते.”

दिघ्यांनी हात पुढे केला नाही. “राहू दे गं. सावकाश दे.”

शिर्क्यांना लाल टॅग दिसला. ते उठले, आत गेले आणि पक्कड घेऊन आले. आमच्यासमोर सतरंजीवर बसले, तार तोडली, आपला टॅग काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुस्तक मुलीपुढे धरलं.

“घे. वाच आता. आता काय लपवायचंय.”

“वाचलाय मी, पप्पा,” केतकी म्हणाली. “सगळ्या बुक्सचे वाचलेत. आधीच. मला माहीत होतं.”

शिर्क्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांचं लक्ष हातातल्या पुस्तकाकडे गेलं. तार निघाली होती, तरी पानं सुटली नव्हती. तारेला लागूनच शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळलेला होता, दोन गाठी मारलेला. आणि आत, पानांत दडपलेला, दुसरा लाल टॅग.

“हा कुणाचा?”

“आईचा. तुमच्या गड्डीतला मागून घेतला तिने, सोमवारी. मी सीलपर्यंत गोष्ट सांगितली, तर म्हणाली, आज दम लागतोय.”

शिर्क्यांनी टॅग उलटा केला. मी शेजारीच होते, मला वाचता आलं. अक्षर खाली उतरत गेलेलं. नाव, वैशाली. तारीख, सोमवारची. कारण, ‘उद्या सांगते.’

त्यांनी पक्कड दोऱ्याला लावली. साधा दोरा, नखानेसुद्धा तुटला असता. पक्कड तिथेच राहिली. केतकी त्यांच्या हाताकडे बघत होती.

दिघ्यांनी खिशातून पिशवी काढली, तिची घडी मोडली आणि तोंड उघडून पुढे धरली.

“शिर्के, असंच द्या,” ते म्हणाले.

शनिवारी आम्ही लायब्ररी उघडली. दिघ्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, नेहमीसारखं उलटंसुलटं करून पाहिलं, दोऱ्याची गाठ पाहिली, टॅग आत सरकवला. रजिस्टरात तारीख घातली. सभासदाचं नाव घातलं. ‘परत आले’ लिहिलं. स्थितीच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं.

मग त्यांनी लिहिलं, ‘उत्तम.’